मामांच्या फोनमध्ये सोयाबीन सहा हजार आहे

संक्रांतीला मामांकडे गेलो होतो. औसा तालुक्यातलं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मामा फेसबुकवर नसले तरी त्यांची पोरं आहेत.

घराच्या मागे पत्र्याची खोली आहे. दार उघडलं की कोंदट वास येतो, सोयाबीनचा आणि उंदरांचा. आत कट्ट्यांची थप्पी पार वर पत्र्याला टेकलेली. मामी म्हणाल्या, "सत्तर कट्टे हायेत. त्यातले चाळीस तर मागल्या सालचे. तूच सांग तुझ्या मामाला, माझं काय ऐकत न्हाईत."

सत्तर कट्टे म्हणजे ४० क्विंटलच्या वर माल. मामांकडे ११ एकर रान आहे, मोठे शेतकरी नाहीत. हा माल म्हणजेच त्यांची बँक, त्यांचा विमा आणि धाकटीच्या लग्नाची तयारी.

ओसरीवर चहा घेताना मी विषय काढला. मामा म्हणाले, "थांब जरा. सहा हजार होणारंय. सगळेच म्हणायलेत."

"सगळे म्हणजे कोण, मामा?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी तो हातात घेतला आणि युट्यूबवर जे समोर येईल ते खाली सरकवत गेलो. सोयाबीनचे पहिले वीस व्हिडिओ मोजले. सतरा व्हिडिओंत भाव वाढणार होता. दोन फवारणीचे होते, एक हमीभावाच्या नोंदणीचा. भाव पडणार किंवा आहे तिथेच राहणार, असं सांगणारा एकही नव्हता. सगळ्यांवर लाल-पिवळी अक्षरं, वर जाणारा बाण, तोंडावर हात ठेवलेला माणूस. "आता विकू नका", "व्यापाऱ्यांची झोप उडाली", "ब्राझीलमधून मोठी बातमी". एकाने तर महिनाभरात तीनदा "उद्यापासून" भाव वाढवला होता.

मग मला एक खोड सुचली. मी माझ्या फोनवर तोच एक शब्द टाकला, सोयाबीन. मला हमीभाव खरेदीच्या रांगांच्या बातम्या आल्या, एक आंदोलनाची क्लिप आली. मामींच्या फोनवर टाकला तर सोयाबीन चिली, सोया चंक्सची भाजी. मामांचा थोरला हिंजवडीला नोकरीला आहे, सणाला आला होता. त्याच्या फोनवर आलं की सोयामध्ये प्रोटीन किती असतं आणि जिम करणाऱ्याने ते खावं की नाही.

एक घर, एक शब्द, चार फोन. चौघांपैकी ज्याचं पोट सोयाबीनवर आहे त्या एकट्याला फक्त गोड बातमी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी लातूरला मोंढ्यात गेलो. ओळखीचे एक मुनीम आहेत, त्यांच्याकडे बसलो. सौदा झाला तेव्हा चांगला माल चार हजारांच्या आत-बाहेर गेला. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२. म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावापेक्षाही क्विंटलमागे आठ-नऊशे कमी. आणि मामांच्या फोनमध्ये सहा हजार.

आता हिशेब मांडतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय ही गोष्ट नुसती गंमत वाटेल. जुने चाळीस कट्टे म्हणजे २४ क्विंटल. २०२३ च्या दिवाळीनंतर भाव पाच हजारांच्या आसपास होता, तेव्हा विकले असते तर एक लाख वीस हजार. त्या संक्रांतीच्या भावाने शहाण्णव हजार. चोवीस हजार इथे गेले. माल घरात ठेवला म्हणून गरजेला साठ हजार उसने घेतले, शेकडा दोनने. चौदा महिन्यांचं व्याज सोळा हजार आठशे. घट आणि उंदरांनी खाल्लेलं वेगळं. चाळीस हजारांच्या वर रक्कम जाते ही. शेतकऱ्याच्या घरात चाळीस हजार कसे जमतात हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, मामांना अक्कल नाही, युट्यूबवर कोण विश्वास ठेवतं. असं म्हणणाऱ्याने २०२१ आठवावं.

२०२० च्या दिवाळीला मामांनी मळणी झाली की लगेच माल घातला, चार हजारांच्या आसपास. शेजारच्या भावकीतल्या एकाने ठेवला. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा माल नऊ हजारांच्या वर गेला. राज्यातल्या काही बाजारांत तर दहा हजारांचा आकडाही लागला. त्याने त्या पैशात बोअर घेतला, मोटारसायकल घेतली. मामा रोज त्या मोटारसायकलकडे बघतात. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पुढे नवा माल बाजारात आला आणि भाव कोसळला. पण हा दुसरा भाग कोणाच्या डोक्यात राहत नाही. डोक्यात राहतो तो दहा हजारांचा आकडा.

म्हणजे मामांच्या मनात आशा आधीपासून होती. फोनने ती पेरली नाही. फोनने ती हेरली आणि तिला रोज पाणी घातलं.

हे कसं होतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. युट्यूबवर पूर्वी व्हिडिओ किती जणांनी उघडला याला महत्त्व होतं. २०१२ मध्ये त्यांनी ते बदललं आणि माणूस किती वेळ बघत बसला याला वजन दिलं. २०१८ च्या जानेवारीत त्यांचेच नील मोहन (आता ते युट्यूबचे प्रमुख आहेत) जाहीरपणे म्हणाले होते की लोक युट्यूबवर जो वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ युट्यूबने स्वतः सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे आपण शोधून बघतो ते थोडं, समोर वाढलेलं खातो ते जास्त.

त्या यंत्राला सोयाबीन म्हणजे काय ते ठाऊक नाही. ब्राझील कुठे आहे, मोंढा कुठे आहे, मामांना व्याज किती लागतं, काही ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस "वाढणार" लिहिलेला व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो आणि "दर स्थिर" लिहिलेला पाच सेकंदात सोडतो. मग ते पहिल्या प्रकारचे आणखी दहा आणून ठेवतं. यात कोणाचं कारस्थान नाही. मला तर कारस्थान असतं तर बरं वाटलं असतं, निदान कोणाला तरी जाऊन जाब विचारता आला असता.

असे व्हिडिओ करणारा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. शिकलेला, नोकरी नाही, घरच्या शेतात राबतो आणि संध्याकाळी गोठ्यासमोर उभा राहून बाजारभाव सांगतो. मी त्याला स्पष्टच विचारलं, "तुला माहीत असतं ना भाव वाढणार नाही?" तो हसला. म्हणाला, "दादा, मी एकदा खरं टाकलं होतं. यंदा पेंडीला उठाव नाही, भाव दबूनच राहणार, असं. व्ह्यूज आले साडेचारशे. वरून शिव्या आल्या, व्यापाऱ्याचा दलाल म्हणून. दुसऱ्या दिवशी 'सोयाबीन सुसाट' टाकलं. चाळीस हजार."

मग थोडं थांबून म्हणाला, "लोकांना जे ऐकायचंय तेच मी सांगतो. मला काय त्यात जास्त मिळत न्हाई, डेटाचा आणि पेट्रोलचा खर्च निघतो."

त्याच्यावर मला राग काढता आला नाही. त्याचं चुकतंय, हे त्याला तोंडावर सांगितलं. पण तो खरं बोलला तेव्हा यंत्राने त्याला उपाशी ठेवलं, हेही तितकंच खरं.

आणि तो खरं काय बोलला होता बघा. त्या हंगामातल्या भावामागची कारणं काही गुपित नव्हती. ब्राझीलचं पीक प्रचंड आलं होतं. जगाच्या बाजारात सोयाबीन आणि पेंड दोन्ही स्वस्त होते. आणि आपल्याकडे एक नवा भिडू आलाय, डीडीजीएस. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो. कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी तो वापरायला लागले, कारण तो स्वस्त पडतो. सोयाबीनमधून तेल निघतं पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पेंडच. पेंडीलाच गिऱ्हाईक नाही तर मिलवाला भाव कुठून देणार? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, तेव्हा हे सगळे व्हिडिओवाले नाचले. भाव थोडा हलला आणि नवा माल आला की परत बसला. तेल महाग झालं, पेंड पडलेलीच राहिली.

डीडीजीएसवर मराठीत व्हिडिओ आहेत का? आहेत, मी शोधून काढले. पण शोधून काढावे लागले. मामांच्या समोर ते आपणहून एकदाही आले नव्हते.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. खरी माहिती फुकट पडलेली आहे. आपल्या राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे भाव असतात, मराठीत, बाजार समितीनुसार. आवक किती, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. यातला सर्वसाधारण दर तेवढा आपल्या कामाचा. व्हिडिओवाला काय करतो, राज्यभरातला त्या दिवसाचा सगळ्यात वरचा आकडा उचलतो, तोही बियाण्यासाठी घेतलेल्या एखाद्या निवडक लॉटचा असतो, आणि तो मोठ्या अक्षरात लावतो. खोटं काहीच बोलत नाही बरं का. आकडा खरा असतो, पण तो मामांच्या मालाचा आकडा नसतो.

पणन मंडळाच्या त्या तक्त्याला वर जाणारा बाण नाही, तोंडावर हात ठेवलेला माणूस नाही. तो तक्ता मामांना "आता विकू नका" म्हणत नाही. म्हणून तो मामांपर्यंत पोचत नाही.

कोणी म्हणेल, व्हिडिओ सोडा, गुगलवर शोधायला सांगा ना मामांना. सांगितलं मी. त्यांनी बोलून शोधलं, "सोयाबीन आजचा भाव लातूर". वर जे आलं त्यात दोन अशा वेबसाइट होत्या की पाच पानं जाहिराती, मग सोयाबीनचा इतिहास, मग "शेतकरी मित्रांनो", आणि शेवटी चार दिवसांपूर्वीचा दर. मामा म्हणाले, "पहिल्याच नंबरला हाय, खोटं कसं असंल?"

हे वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरतोय. वर आलं म्हणजे खरं. आपण सगळेच असं समजतो, शिकलेले सुद्धा. पहिल्या पानाच्या खाली कोण जातं? शाळेत पहिला नंबर आला म्हणजे हुशार, तसं गुगलवर पहिला आला म्हणजे खरा.

पण वरची जागा ही नुसती गुणवत्तेची नसते. २०१८ च्या फेब्रुवारीत आपल्याच भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड ठोठावला होता, शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की शोधाच्या धंद्यात गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली. त्या खटल्यात बाहेर आलं की फोन उघडल्यावर आपलंच शोधयंत्र समोर असावं, यासाठी गुगलने एका २०२१ या वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. तेव्हाच्या भावाने जवळपास दोन लाख कोटी रुपये. नुसतं पहिलं दिसण्यासाठी! वरच्या जागेला एवढी किंमत असेल, तर त्या जागेवर जे दिसतं ते आपल्या भल्यासाठीच ठेवलंय असं धरून चालायचं?

मराठीत तर आणखी अडचण. आपण ८ कोटींहून जास्त मराठी बोलणारे, पण नेटवर नीट लिहिलेला, तारीख असलेला, जबाबदारीने तपासलेला मराठी मजकूर किती? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिकाम्या रानात तण माजतं तशी ही कॉपी-पेस्टवाली पानं माजली आहेत. योजनेचं नाव टाका, रोगाचं नाव टाका, तीच गत.

बरं, पूर्वी सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आजोबांच्या काळात भाव कळायचा तो आडत्याकडून. आडत्याला वाटायचं माल आज यावा, कारण आडत आज मिळते. तो सांगायचा, "घाला आता, पुढं पडंल." तोही स्वार्थीच. पण त्याचा स्वार्थ डोळ्यांना दिसायचा. आजोबा त्याच्या गादीवर बसून चहा प्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "त्याचं ऐकायचं, पण अर्धंच." फोनचं किती ऐकायचं, हे मामांना कळत नाही, कारण फोनला काय हवंय तेच त्यांना दिसत नाही. फोनला मामांचा वेळ हवाय. मामा आशेवर बसून राहिले तर तो वेळ मिळतो. माल विकून मोकळे झाले तर मामा सोयाबीनचे व्हिडिओ बघतीलच कशाला?

दुसरं असं की रेडिओवर बाजारभाव लागायचे तेव्हा पारावरच्या सगळ्यांनी तेच ऐकलेलं असायचं. पेपरात भाव यायचा तो सगळ्या गावाला एकच. त्यावर भांडण व्हायचं, कोणी म्हणायचं हा दर खोटा, मी काल तिथंच होतो. त्या भांडणात खरं-खोटं निवडलं जायचं. आता पारावर दहा जण बसतात, दहा जणांकडे फोन, आणि दहा जणांच्या फोनमध्ये आपापला भाव. भांडणार कशावरून? ज्याने विकून टाकलं त्याच्या फोनला सोयाबीन येतच नाही.

हे फक्त सोयाबीनचं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. निवडणुकीत, जातीच्या भांडणात, आजारपणात हेच चालतं. तिथे मी आज जात नाही, तिथे गेलो की खाली मारामाऱ्या सुरू होतात आणि ही पोस्ट दहापट लोकांपर्यंत जाते. गंमत नाही करत. २०२१ मध्ये फेसबुकच्या आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात होतं की २०१७ पासून काही काळ एका रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. पुढे त्यांनी ते बदललं. पण तुम्ही माझ्या पोस्टवर चिडलात तर ती जास्त पसरते, हे मी दहा वर्षांच्या अनुभवानेही सांगू शकतो. पाण्याच्या टँकरवरची शांत पोस्ट पन्नास जण वाचतात, तीच कोणा पुढाऱ्याला शिवी घालून लिहिली की पाच हजार.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती सांगतो.

डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले. एका वर्षासाठी म्हणाले होते, पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ देत गेले. वायदेबाजार चांगला की वाईट यावर वाद घाला, मीही घालीन, त्यात सट्टेबाज असतातच. पण त्याचा एक उपयोग होता. तीन महिन्यांनी सोयाबीन काय भावाने जाईल यावर पैसे लावणारी माणसं तिथे होती. चुकलं तर स्वतःचे पैसे जाणारी. तो आकडा उघड्यावर दिसायचा. ते बंद झाल्यावर पुढचा भाव सांगणारी अधिकृत जागा उरलीच नाही. ती रिकामी जागा कोणी घेतली? गोठ्यासमोरच्या पोराने. त्याचं भाकीत चुकलं तर त्याचा एक रुपया जात नाही.

आणि हीच सेबी शेअर बाजारासाठी काय करते बघा. नोंदणी नसलेल्याने कोणता शेअर घ्या, कोणता विका, असा सल्ला द्यायचा नाही. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी आणखी एक परिपत्रक काढलं, की शेअर बाजार शिकवतो म्हणणाऱ्यानेही गेल्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शिकवायचं नाही, म्हणजे शिकवण्याच्या नावाखाली टिप देता येऊ नये. चांगलंच केलं. पुण्या-मुंबईच्या माणसाचे पन्नास हजार बुडू नयेत म्हणून एवढी काळजी. मामांचे चाळीस हजार बुडाले त्याला नियम नाही, नोंदणी नाही, साधी विचारपूसही नाही. "आता विकू नका" हा सल्ला नाही तर काय आहे?

लगेच व्हिडिओंवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. एकदा सरकारच्या हातात ती कात्री दिली की पहिला व्हिडिओ खरेदी केंद्रावरच्या रांगेचा उडेल, हे कळण्याइतकी वर्षं मी इथे काढली आहेत. हमीभाव खरेदीसाठी नोंदणी करून मेसेजची वाट बघत बसलेल्यांचे, बारदाना नाही म्हणून परत गेलेल्यांचे व्हिडिओही याच फोनवर आले होते. ते आले नसते तर आपल्याला कळलंही नसतं. कात्री नकोच.

पण जे सरकारी माहिती बाळगून बसलेत त्यांनी ती लोकांच्या समोर आणायला काय हरकत आहे? पणन मंडळाकडे रोजचा आकडा आहे. संध्याकाळी सात वाजता एका माणसाने दीड मिनिट बोलावं, आज लातूरला आवक एवढी, सर्वसाधारण दर एवढा, कालच्यापेक्षा एवढा वर किंवा खाली, पेंडीचा भाव एवढा. गावागावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. हसू नका, फळा सगळ्यांना एकच दाखवतो. आणि आपल्या बाजार समित्यांचे संचालक निवडणुकीला घरोघर येतात, त्यांना विचारा की आजचा सर्वसाधारण दर ग्रुपवर टाकायला किती खर्च येतो.

व्हिडिओ करणाऱ्यांनाही एक विचारणं आहे. गेल्या महिन्यात काय सांगितलं होतं आणि काय झालं, हे महिन्यातून एकदा सांगा. एवढंच. व्ह्यूज कमी येतील, मान्य. पण ज्यांच्या जिवावर चॅनल चालतं ती तुमचीच भावकी आहे ना?

मामांचं पुढे काय झालं ते सांगतो. त्या रात्री मी त्यांच्या फोनमधली बघितलेल्या व्हिडिओंची यादी पुसली. सेटिंगमध्ये जाऊन इतिहास साठवणं बंद केलं. दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवर तुम्हीही करू शकता. पणन मंडळाचं पान पहिल्या पडद्यावर आणून ठेवलं. मामा बघत होते, काही बोलले नाहीत. त्यांना ते आवडलं नव्हतं, हे मला कळत होतं. आपली आशा कोणीतरी येऊन पुसून जातंय असं वाटलं असेल.

दहा दिवसांनी फोन केला तर मागे तोच आवाज, "शेतकरी मित्रांनो, मोठी बातमी". मी विचारलं तर म्हणाले, "ते न्हाई लागत आता आपोआप. म्या शोधून लावलाव."

पाडव्याच्या आधी जुने चाळीस कट्टे त्यांनी मोंढ्यात घातले. ४,०५० ने गेले. मामी म्हणाल्या, खोलीत आता पाय ठेवायला जागा झाली. तीस कट्टे अजून आहेत. ते मृगापर्यंत ठेवतो म्हणतात. ठेवू देत. मीही काही ज्योतिषी नाही, वाढेलही कदाचित भाव. पण आता ठेवताना पणन मंडळाचा दर रोज बघतात आणि मला फोन करून सांगतात, हे मात्र झालंय. कालचा फोन, "४,१०० लागला आज. तुझ्या फोनला किती दाखवायलाय?"

म्हटलं, "तेवढाच, मामा."

तुम्हीही आज रात्री घरात जेवढे फोन आहेत तेवढे एकत्र घ्या आणि सगळ्यांवर एकच शब्द टाका. तुमच्या पिकाचा टाका, नाहीतर तुमच्या दुखण्याचा. कोणाला काय दिसलं ते खाली लिहा, मला बघायचंय.